मूठभर कोंड्याची लेक

मावशी, खरं सांगू? काल तुमच्या दहाव्याला कावळा इतक्या पटकन शिवला, याचा मला रागच आला.

मी तयारी करून आले होते हो. जन्मभर तुम्ही कुणाचं म्हणणं पहिल्या झटक्यात मानलं नाहीत. शेवंतीचा भाव ठरवताना व्यापारी घामाघूम व्हायचा. पाण्याची पाळी ठरवताना तुमचा आवाज भीमेच्या पलीकडच्या काठाला ऐकू जायचा. मला वाटलं, पिंडापाशीही आम्हाला ऊन डोक्यावर येईपर्यंत ताटकळत ठेवणार तुम्ही. तुमचा दौंडचा लेक हात जोडून काहीबाई कबूल करेल, सूनबाई करतील, आणि मग शेवटी सगळ्या माना माझ्याकडं वळतील. तुमचं काय राहिलंय ते आख्ख्या वस्तीला माहीत होतं. माझ्या पदराच्या गाठीत मूठभर कोंडा बांधलेला होता. आणि कुठलं काय! भटजी मागं सरले न सरले तोच बाभळीवरनं कावळा आला, घास उचलला आणि गेला. "सुटली हौसा," कुणीतरी म्हणालं. मी गाठ मुठीत धरून तशीच उभी. म्हटलं, मावशी, आपलं भांडण अर्धं राहिलंय. असं मधेच उठून जातात का?

म्हणून आज इथं आलेय, तुमच्या आणि आमच्या शेताच्या मधल्या बांधावर. तुमची शेवंती तोडायला कुणाचा हात होईना, त्यामुळं सगळं रान पिवळं झालंय. सकाळचं धुकं नदीवरनं वर येतंय. तुम्ही इथंच फुलं तोडता तोडता बसलात आणि मग उठलाच नाहीत. पाटी भरली होती म्हणे. मला अजून वाटतं, धुकं उठलं की पलीकडच्या सरीतून तुमचा पदर दिसेल आणि हाक येईल, "मनीषा, पोरगी उठली का गं?"

आरोही झाली तेव्हाचे ते महिने मला कधीच सरळ आठवत नाहीत. झोपेत बघितल्यासारखे आठवतात. शिरूरच्या दवाखान्यात तिला पहिल्यांदा माझ्या कुशीत ठेवलं, तेव्हा तिचे ओठ जांभळं खाल्ल्यासारखे होते. मला कौतुक वाटलं, खोटं कशाला सांगू? किती सुंदर रंग, म्हटलं. डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावली आणि ती काढायलाच ते तयार होईनात. तेव्हा मी तिच्या ओठांकडं पुन्हा बघितलं.

मग पुणं. तिथल्या डॉक्टरांनी कागदावर हृदय काढून दाखवलं. मधल्या पडद्याला भोक आणि फुप्फुसाकडं जायची वाट अरुंद, म्हणून अर्धं रक्त निळंच फिरतंय. ऑपरेशन करायचं, पण आत्ता नाही, जरा अंगानं भरू दे. "तोवर एक सांभाळा," ते म्हणाले, "हिला फार रडू देऊ नका. रडली की निळी पडेल. पडलीच तर गुडघे छातीशी दाबून धरा आणि तशीच घेऊन या."

तान्हं लेकरू, आणि रडू द्यायचं नाही! आता बोला. बाकीच्या आया लेकरू रडलं की पाजतात. मला तिला भूक लागायच्या आधी तिची भूक ओळखायला लागायची. चार घोट प्यायली की कपाळावर घाम यायचा तिच्या, जशी काही शेतात राबून आलीय. प्यायतानाच दमून झोपायची. मी तिची नखं बघत बसायची. नखं जरा बरी दिसली की मीही डुलकायची. बाहेर ऊन आहे की सांज झालीय तेही कळायचं नाही. आरोहीचे पप्पा कुरकुंभच्या केमिकल कंपनीतून शिफ्ट करून यायचे, वास जावा म्हणून दोनदा साबण लावायचे आणि मगच तिला घ्यायचे. कधी मी डोळे उघडावेत तर ते समोर, कधी सासूबाई, कधी तुम्ही. कोण कधी आलं, कधी गेलं, काही पत्ता नाही.

तिला विकायची कल्पना सासूबाईंची. माझ्या माहेरी, मांडवगणलाही, मी हे ऐकून होते. जगेल न जगेल अशा लेकराला सुपात घालून दारात ठेवायचं, हा केर आहे म्हणायचं, आणि दुसऱ्या कुणीतरी ते मूठभर कोंड्याला विकत घ्यायचं. मग सटवाई शोधत आली तर तिला त्या घरात लेकरूच सापडत नाही. मी बी.एस्सी. झालेली बाई. अशी उसळले! म्हटलं, पुण्याला एवढे मोठे डॉक्टर बसलेत आणि तुम्ही कोंडा काय घेऊन बसलाय? सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला. आणि दुपारच्या उन्हात तुम्ही अंगणाच्या तोंडाशी येऊन उभ्या, ओच्यात कोंडा घेऊन.

"काय इकायला काढलंय गं?" तुम्ही विचारलंत. रीतच तशी होती, तसंच विचारायचं.

मी म्हणायचं होतं, केर हाय, उकिरड्यावर टाकायचाय. माझी जीभ उचलेना. सुपात ती निजली होती, मुठी मिटून, ओठ जांभळे. तिला केर म्हणायचं?

तुम्ही जवळ आलात आणि माझ्या कानाशी लागून म्हणालात, "बोल की. खोटंच तर बोलायचंय. खरं बोलायला डाक्टर हायत की."

मी बोलले. कशी बोलले ते देवाला ठाऊक. तुम्ही कोंडा माझ्या ओंजळीत टाकलात, सूप उचललंत आणि चालायला लागलात. मला वाटलं, चार पावलं जातील आणि वळतील. तुम्ही थेट तुमच्या घराचा उंबरा ओलांडलात आणि दार लोटून घेतलंत! मी अंगणात कोंडा धरून उभी, दाराकडं बघत. आत काय केलंत तुम्ही तेवढ्या वेळात? कितीदा विचारलं, कधी सांगितलं नाहीत. मग बाहेर आलात, पोरगी माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "आता ही माझी. तू निस्ती पाजायला हाईस. माझ्या लेकीला रडवलंस तर याद राख."

हसावं की रडावं तेच कळेना. पण तो कोंडा मी फेकला नाही. पितळी डब्यात घालून ठेवला. दर उन्हाळ्यात त्याला ऊन देत आले, किडे होऊ नयेत म्हणून. बी.एस्सी. झालेली बाई!

आणि मग तुम्ही सगळ्या वस्तीचा आवाज बंद केलात. तुम्ही! ज्यांच्या हाकेनं बैल बिचकायचे! तुमचा तो तुऱ्याचा कोंबडा माझ्या मांडवगणच्या भावाला देऊन टाकलात. दळणाच्या चक्कीवाल्याला वेळ ठरवून दिलीत. पोरांना ओरडायचं असलं तर नदीवर जाऊन ओरडा, असा हुकूम. तुमचं स्वतःचं बोलणं मात्र कुजबुजीवर आणता आणता तुमच्या नाकी नऊ आले. कुजबुजतानाही तुम्ही तिसऱ्या घरी ऐकू जायच्यात, हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही. मी सांगते आता.

त्या वरातीचं स्वप्न मला अजून पडतं. स्वप्न कसलं, झालंच होतं ते. सांज कलत होती, पाटलांच्या पोराची वरात वरच्या अंगानं निघालेली, डीजेचा दणका छातीत बसत होता. आरोही नुकती निजली होती. मी तिच्या कानांवर हात धरून बसले आणि खिडकीतून बघते तर तुम्ही रस्त्याच्या मधोमध, दोन्ही हात पसरून. डीजेचं पोरगं कुठलंसं परमुलखातलं, ते म्हणतंय, "अम्मा, साइड दो ना." आणि तुम्ही म्हणताय, "माझी लेक निजलीया. आमच्या घरावरनं गप जा, म्होरं जाऊन मग काय नाचायचं ते नाचा."

सगळ्यांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं. पण नवरदेवाला समजलं. तो घोड्यावरनं उतरला आणि त्यानं हात वर केला. डीजे थांबला. मग ती आख्खी वरात आमच्या दारावरनं आवाज न करता गेली, मावशी. लाल-हिरवे दिवे फिरत होते. बायांनी बांगड्या धरून ठेवल्या होत्या. फेट्यातली माणसं चपला न वाजवता पावलं टाकत होती. नवरदेव घोड्याच्या बाजूनं पायी चालला होता आणि जाताना त्यानं आमच्या खिडकीकडं बघून मान लववली. नुसती घोड्याच्या टापांची टकटक. आरोही उठली नाही. म्हसोबाच्या वळणापुढं गेल्यावर पुन्हा दणका सुरू झाला, आणि तुम्ही रस्त्यातच खाली बसलात. मी बघितलं होतं.

वजन वाढायला हवं होतं तिचं, तर तोलायचं कशावर? तुमच्याकडं फुलांचा काटा. सासूबाई म्हणाल्या, लेकरू तोलू नये, दृष्ट लागते. तुम्ही म्हणालात, "लेकरू असंल तर तोलू नये. पर हा माझा इकत घेतलेला माल हाय, मी तोलीन!" शेवंतीच्या क्रेटमध्ये माझी जुनी साडी अंथरून तिला ठेवायच्यात. क्रेटच्या फटीतून तिची बोटं बाहेर यायची. आकडा स्थिर व्हायला वेळ लागायचा, कारण ती हलायची. आपण दोघी श्वास धरून बसायचो. वाढलं असलं तर तुम्ही माझ्या मांडीवर अशी चापट मारायच्यात की वळ उठायचा. वाढलं नसलं तर म्हणायच्यात, "आज मालानं पाणी धरलं न्हाई. उद्या बघू."

आणि तो दिवस. तिला मुंगी चावली. मुंगी, मावशी! एवढं सगळं थोपवलं आपण आणि मुंगीनं डाव साधला. ती रडली, मग रडणं थांबलं आणि ती गडद होत गेली. ओठ, नखं, कानाच्या पाळ्या. मी गुडघे छातीशी दाबले आणि तुम्हाला हाक मारली. हे कंपनीत. तुमचा टेम्पो बाजाराची फुलं भरून उभा होता. तुम्ही तिला माझ्याकडून घेतलंत, केबिनमध्ये चढलात, मला ओढून घेतलंत आणि ड्रायव्हरला म्हणालात, "चौफुल्यावरनं घाल पुण्याला. आन् हॉर्न वाजवलास तर बघ."

त्या वाटेतलं मला फक्त पिवळं आठवतं. मागं फुलं, काचेवर ऊन, आणि तो शेवंतीचा कडवट वास. तुम्ही तिचे गुडघे धरून बसला होतात. तुमची बोटं फुलांच्या डागांनी काळी होती. एवढ्या बोलक्या तुम्ही, पण सगळ्या रस्त्यात एकच बोलत होतात, ओठातल्या ओठात, "माझी हाय. माझी हाय." मला नव्हतात सांगत. मला आजपर्यंत कळलं नाही, कुणाला सांगत होतात. यवतच्या पुढं तिनं मोठा श्वास घेतला आणि रंग जरा उतरला. पुण्यातच ठेवून घेतलं तिला. थोड्याच दिवसांत ऑपरेशन झालं. तुमचा आणि माझा क्रेट कामाला आला होता. वजन पुरेसं भरलं म्हणाले.

ऑपरेशननंतर तिला बघितलं तेव्हा मी तिला ओळखलंच नाही. नळ्या होत्या म्हणून नव्हे. तिची नखं गुलाबी होती. मी कधी तिची गुलाबी नखं बघितलीच नव्हती.

इथून आपलं भांडण सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, तपासण्या चालू राहतील, पण आता रडली तरी चालेल, सगळ्या मुलांसारखी वाढू द्या. मी हे तुम्हाला सांगितलं, दहादा सांगितलं. तुम्ही ढिम्म हलला नाहीत. जावळ काढायचं तर न्हाव्याला ती झोपायची वाट बघत बसवलंत. पायात काटा मोडला तर काढू दिला नाहीत. अंगणवाडीत पहिल्या दिवशी सगळी पोरं भोकाड पसरून बसली होती आणि आमची आरोही खिडकीकडं बघून हसत होती, कारण खिडकीत तुम्ही! शाळा सुटेपर्यंत उन्हात उभ्या!

मी म्हटलं, "मावशी, रडायलासुद्धा शिकावं लागतं माणसाला. उद्या आपण नसलो तर काय करील ही?"

"माझ्या देखत न्हाई," तुम्ही म्हणालात.

"मग हा घ्या तुमचा कोंडा आणि द्या माझी लेक."

"जुना झाला तो कोंडा. आता चालत न्हाई." आणि ती तुमची हसायची पद्धत, तोंडाला पदर लावून.

दर वर्षी मी डबा घेऊन यायची, दर वर्षी तुम्ही परत पाठवायच्यात. फक्त एकदा हसला नाहीत. गेल्या दिवाळीच्या आधी, इथंच, याच बांधावर. म्हणालात, "मी जित्ती हाय तवर राहू दे गं. कुणी आलंच इचारत, तर दाराशी मी हाय की उभी." मी म्हटलं, काहीतरीच बोलता. विषय तिथंच राहिला. तुम्हाला मिठी मारायची होती मला तेव्हा. आपल्यात तसं कुणी करत नाही ना. म्हणून तुमच्या पाटीतली चार फुलं उगीच नीट लावली.

आणि आता बाया काय बोलतायत ऐकलंत का? म्हणे, पोरीवर आलेलं हौसानं दाराशीच अंगावर घेतलं. तिचं काळीज नीट झालं आणि हिचं थांबलं. भडकले मी! म्हटलं, बीपीच्या गोळ्यांची पाकिटं लुगड्याच्या घडीत जशीच्या तशी सापडली आहेत, ती बघा जाऊन. गोळ्या न खाणारी बाई गेली, कुणाच्या बदल्यात गेली नाही. माझ्या लेकीच्या कानावर हे पुन्हा आलं तर माझ्याइतकी वाईट कुणी नाही. तिनं जन्मभर तुमचं मरण पाठीवर घेऊन फिरायचं का? तुम्हाला तरी चाललं असतं का ते? मला शास्त्र कळतं, मावशी. आणि तरी तुमचं बंद दार बघितलं की मी घरी जाऊन आमच्या दाराला कडी घालते. दोन्ही खरं आहे, काय करू?

त्याच बायांनी मला कोंडा बांधून आणायला लावला. गेलेल्या माणसाचा हक्क जित्या लेकरावर ठेवू नये, म्हणाल्या. दहाव्याला कोंडा पाण्यात सोड, पोरगी सोडवून घे, नाहीतर हौसा ओढून नेईल तिला. मी भ्यायले. हो, भ्यायले. डबा उघडला आणि मूठभर कोंडा पदराला बांधला.

आरोहीला तुम्ही गेलात त्या दिवशीच मांडवगणला धाडली होती, मामाकडं. काल घाटावर आणली. कावळा शिवला, माणसं निघायला लागली. ती तुमच्या फोटोकडं बघत होती, फोटोला तुमच्याच रानातला हार. म्हणाली, "मम्मी, सगळे चालले. हौसाई कुठाय?"

सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. देवाघरी, गावाला, पुण्याला, काहीतरी सांगेन असं वाटलं असणार त्यांना. मी खाली बसले आणि तिला सांगितलं, "हौसाई गेली बाळा. ती आता येणार नाही."

तिचा खालचा ओठ हलला. मग ती रडली.

आणि काय रडली, मावशी! असा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. पलीकडच्या काठावर धुणं धुणाऱ्या बाया उठून उभ्या राहिल्या. तुमचाच आवाज तो, दुसऱ्या कुणाचा! आणि सगळी वस्ती धावली. तुम्ही शिकवलेली वस्ती! शेजारच्या आप्पांनी शिट्टी वाजवायला सुरुवात केली, कुणी नैवेद्यातलं केळं पुढं केलं, तुमचा लेक मुंडण केलेल्या डोक्यानं तिच्यापुढं वाकुल्या दाखवायला लागला. सगळे एकच, "रडवू नका, अगं रडवू नका तिला!"

"राहू द्या," मी म्हटलं. "रडू द्या."

सगळे थांबले. ती रडतच होती. मागून एक म्हातारी दबक्या आवाजात म्हणाली, "मनीषा, हीच वेळ हाय. सोड तो कोंडा पाण्यात, घे पोरगी सोडवून."

मी गाठीला हात घातला आणि ती आणखी घट्ट केली. म्हटलं, "विकली ती विकली. परक्या बाईसाठी असं रडतं का कुणी?"

मग मी तिचा हात हातात घेतला. जुनी सवय. ती दम लागेपर्यंत रडली, थांबली, फोटोकडं बघून पुन्हा रडली. मी तिची नखं बघत होते. गुलाबी होती, मावशी. शेवटपर्यंत गुलाबीच राहिली.